रुग्णाचे उत्तर आणि उपचारांचे मोजमाप

रक्तातील साखर प्रयोगशाळा मोजते, सांध्यातील फट एक्स-रेवर दिसते, हृदयाची क्षमता इकोकार्डिओग्राफीत टक्क्यांनी कळते. जिना उतरताना गुडघा किती दुखतो, केमोथेरपीनंतर मळमळ किती दिवस राहते, दम लागतो म्हणून बाजारात जाणे सोडले आहे का, हे मात्र रुग्णाने सांगितल्याशिवाय कळत नाही. या सांगण्याला ठरावीक प्रश्न, ठरावीक पर्याय आणि ठरावीक गुणांकनाची शिस्त लावून ज्या प्रश्नावल्या तयार होतात त्यांना रुग्णनिवेदित परिणाम मापके म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'प्रॉम' हे नाव जगभर रूढ झाले आहे. यात अट एकच आहे, पण कडक आहे. उत्तर थेट रुग्णाचे हवे. डॉक्टर, परिचारिका किंवा नातेवाइकांनी आपल्या समजुतीने लिहिलेले चालत नाही.

डॉक्टर नीट बोलले का, रांगेत किती वेळ गेला, वॉर्ड स्वच्छ होता का, हे विचारणाऱ्या अनुभव-प्रश्नावल्या वेगळ्या. रुग्णालयाच्या वागणुकीवर खूश असलेल्या माणसाचा गुडघा जसाच्या तसा दुखत असू शकतो आणि तक्रारी करत घरी गेलेला माणूस महिन्याभरात शेतात कामाला लागलेला असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर उरकून घेतल्या की धड एकही मोजली जात नाही.

उपचारांचा शेवट काय झाला हे तपासावे, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने चौकशी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत, असा आग्रह धरत. सहकाऱ्यांना तो मानवला नाही. १९१४ साली कॉडमन यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पद सोडले. १९४० च्या दशकाअखेरीस कर्करुग्णांसाठी कार्नोफ्स्की श्रेणी आली. रुग्ण हिंडूफिरू शकतो की अंथरुणाला खिळला आहे, हे त्यात शंभरपैकी गुणांनी मांडले जाते. पण गुण देतो डॉक्टर. डॉक्टरांचा अंदाज आणि रुग्णाचे म्हणणे यांत किती अंतर असते, हे ब्रिटनमध्ये मॉरिस स्लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले. एकाच रुग्णाच्या जीवनमानाला दोघांनी दिलेले गुण फारसे जुळलेच नाहीत. जीवनमान मोजायचे असेल तर रुग्णालाच विचारावे लागेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

अमेरिकेत रँड संस्थेच्या आरोग्यविमा प्रयोगातून आणि त्यानंतरच्या मेडिकल आउटकम्स स्टडीतून ३६ प्रश्नांची एसएफ-३६ प्रश्नावली १९९२ साली आली. युरोपात १९८७ साली युरोक्वॉल गट स्थापन झाला आणि त्याने ईक्यू-५डी तयार केली. कर्करोगासाठी युरोपीय संशोधन संघटनेची क्यूएलक्यू-सी३० ही तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमान मोजण्याचे साधन बनवताना पंधरा केंद्रांत एकाच वेळी काम केले. त्यांत दिल्ली आणि मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती. एका देशात घडवून बाकीच्यांनी भाषांतर करायचे ही रूढ वाट तिथे मोडली होती.

आज वापरात असलेली मापके ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिली सर्वसाधारण, म्हणजे कोणत्याही आजारात चालणारी. ईक्यू-५डी हा त्यांतला सर्वांत आटोपशीर नमुना. हालचाल, स्वतःची कामे, रोजचे व्यवहार, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य, असे पाच विषय. नव्या आवृत्तीत प्रत्येकाला पाच पायऱ्या, म्हणून एकूण ३,१२५ आरोग्यस्थिती संभवतात. शेवटी शून्य ते शंभर खुणांची एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर आजची प्रकृती कुठे बसते ते रुग्णाने दाखवायचे. दुसरा प्रकार आजारनिहाय. हृदय कमकुवत झालेल्यांसाठी कॅन्सस सिटी प्रश्नावली, प्रोस्टेटच्या त्रासासाठी सात लक्षणांना ३५ पैकी गुण देणारी आंतरराष्ट्रीय श्रेणी, नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९. सर्वसाधारण मापकामुळे मोतीबिंदू आणि मणक्याचा आजार यांची तुलना करता येते, पण बारीक बदल त्याच्या हाती लागत नाही. आजारनिहाय मापक बारीक बदल टिपते, पण आपल्या आजाराबाहेर त्याचा उपयोग नाही. म्हणून चांगल्या अभ्यासांत दोन्ही वापरतात.

चांगले मापक तयार व्हायला काही वर्षे जातात आणि त्यांतला मोठा वाटा पहिला प्रश्न लिहिण्याआधीच खर्च होतो. आधी काय मोजायचे ते ठरते. मग त्या आजाराच्या रुग्णांशी मोकळ्या मुलाखती होतात, गटचर्चा होतात. नव्या मुलाखतीत नवे काही निघेनासे झाले की थांबायचे. दृष्टी कमी झालेल्या भारतीयांसाठी घडवलेली आयएनडी-व्हीएफक्यू-३३ ही प्रश्नावली अशाच गटचर्चांतून उभी राहिली. तिच्या ३३ प्रश्नांपैकी २१ रोजच्या कामांचे आहेत, पाच मनावर आणि सामाजिक वावरावर झालेल्या परिणामाचे, आणि सात डोळ्यांच्या प्रत्यक्ष त्रासाचे. तज्ज्ञांनी टेबलाशी बसून यादी केली असती तर बहुधा हे प्रमाण उलटे झाले असते.

प्रश्न लिहिताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'चालताना किंवा जिना चढताना त्रास होतो का?' हा एक प्रश्न दिसतो, पण आहेत दोन. सपाटीवर आरामात चालणाऱ्या आणि जिन्यावर अडणाऱ्या माणसाने काय लिहावे? 'गेल्या वर्षभरात किती वेळा दुखले?' याचे उत्तर स्मरणातून येत नाही, अंदाजाने येते. म्हणून कालमर्यादा छोटी ठेवतात. क्यूएलक्यू-सी३० गेल्या आठवड्यापुरते विचारते, ऑक्सफर्ड गुडघा प्रश्नावली गेल्या चार आठवड्यांपुरते. मसुदा झाला की मोजक्या रुग्णांना तो मोठ्याने विचार करत सोडवायला सांगतात. प्रश्नातून काय कळले, हाच पर्याय का निवडला, दुसरा का नाही, हे खोदून विचारतात. कितीही विद्वान समितीने संमत केलेला प्रश्न या पायरीवर पडू शकतो. खर्च वाचवायचा म्हणून जी पायरी सर्वांत आधी गाळली जाते तीही हीच.

पुढची परीक्षा संख्याशास्त्राची. प्रकृतीत बदल नसताना दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरली तर गुण जवळपास तेवढेच यावेत, ही विश्वसनीयता. जे मोजायचे म्हटले तेच मोजले जाते आहे का, ही सप्रमाणता. प्रकृती खरोखर सुधारली किंवा ढासळली तर गुण त्याप्रमाणे हलतात का, ही बदल टिपण्याची क्षमता. प्रश्नांची आपसांतली संगती क्रॉनबाखच्या अल्फा या अंकाने सांगतात. ०.७ च्या वर अल्फा आला की अनेक संशोधक निर्धास्त होतात. पण तोच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारला तरी अल्फा चढतो. त्या एका अंकावर मापकाची गुणवत्ता ठरवणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांतही कमी नाहीत. गटाची सरासरी काढायला ०.७ पुरतो, एकट्या रुग्णाचा उपचार त्यावर बदलायचा असेल तर ०.९ च्या आसपासची कसोटी लावतात. मापकांची तपासणी कशी करावी याचे निकष कॉस्मिन या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने मांडले आहेत. त्यांत सर्वाधिक वजन संख्यांना नाही, आशयाच्या सप्रमाणतेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००९ मध्ये औषधकंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हाही भर तिथेच होता. रुग्णांशी बोलून प्रश्न ठरवल्याचा पुरावा नसेल तर त्या मापकाच्या जोरावर औषधाचा दावा मान्य होणे अवघड.

प्रत्येक प्रश्नावली सगळ्यांनी पूर्ण भरण्याची गरजही आता उरलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००४ साली सुरू केलेल्या प्रॉमिस प्रकल्पात प्रश्नांचा मोठा साठा असतो. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न संगणक निवडतो. दोन पावले टाकणे कठीण असलेल्याला धावण्याबद्दल विचारत बसत नाही.

खरा कस लागतो तो मापक दुसऱ्या समाजात नेताना. मूळ एसएफ-३६ मध्ये मध्यम श्रमाच्या कामांची उदाहरणे म्हणून टेबल हलवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ दिली आहेत. संधिवातासाठी स्टॅनफर्डमध्ये १९८० साली तयार झालेल्या एचएक्यू प्रश्नावलीत टबमध्ये स्नान करता येते का आणि मोटारीचे दार उघडता येते का, असे प्रश्न आहेत. यांचे मराठी कितीही निर्दोष केले तरी सोलापूरच्या शेतमजूर बाईला त्यांचा उपयोग नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे: शौचाला उकिडवे बसता येते का, बसल्यावर उठता येते का, जेवायला मांडी घालता येते का, भरलेली कळशी उचलता येते का.

ऑक्सफर्ड गुडघा प्रश्नावली जवळून पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. तिच्यात बारा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण ४८. वेदना किती, अंग धुऊन पुसताना त्रास होतो का, मोटारीत किंवा बसमध्ये चढता-उतरता येते का, किती वेळ चालता येते, जेवण झाल्यावर खुर्चीतून उठणे कितपत जमते, लंगडता का, गुडघे टेकून परत उठता येते का, रात्री दुखते का, कामात अडथळा येतो का, गुडघा अचानक दगा देईल असे वाटते का, एकट्याने वाणसामान आणता येते का, जिना उतरता येतो का. जेवणानंतरची खुर्ची आणि टेकलेले गुडघे इंग्रजी घरातले आहेत. बाकीचे दहा प्रश्न इथेही चालतात. गुडघा बदललेल्या भारतीय रुग्णाची सर्वांत मोठी तक्रार मात्र बहुधा जमिनीवर बसता न येण्याची असते आणि ती या ४८ गुणांत कुठेच नोंदली जात नाही. पैकीच्या पैकी गुण मिळवूनही तो पंगतीत खुर्ची मागतो.

भारतीय संधिवाततज्ज्ञांनी यावर काम केले आहे. एचएक्यूची भारतीय आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांना जागा मिळाली. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने गुडघ्याच्या झिजेसाठीची वोमॅक प्रश्नावली इथल्या वापराला जुळवून घेतली. याच केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून कॉपकॉर्ड सर्वेक्षण झाले. त्यात घरोघरी जाऊन कुठे दुखते आणि काय करता येत नाही हे लोकांनाच विचारले गेले आणि हाडे-सांध्यांचे दुखणे ही ग्रामीण भागातली किती मोठी व्याधी आहे हे पुढे आले. कर्करोगात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मान यांच्या कर्करोगासाठीच्या युरोपीय प्रश्नावल्यांची हिंदी आणि मराठी रूपे आपल्या रुग्णांवर तपासून २००५ साली प्रसिद्ध केली. भाषांतराची रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, दोन्हींचा मेळ घालायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, तफावत पाहायची आणि शेवटी रुग्णांवर चाचणी घ्यायची. यातली शेवटची पायरी झाली नसेल तर आधीच्या सगळ्या पायऱ्यांना अर्थ नाही. परवान्याचा प्रश्नही असतो. पीएचक्यू-९ विनामूल्य आहे. एसएफ-३६ च्या व्यावसायिक आवृत्तीला परवाना लागतो, पण जवळपास तेच प्रश्न असलेली रँडची आवृत्ती फुकट मिळते.

वापराचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. एप्रिल २००९ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने खुबा बदलणे, गुडघा बदलणे, जांघेतील हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा या चार शस्त्रक्रियांच्या रुग्णांकडून आधी आणि नंतर प्रश्नावल्या भरून घ्यायला सुरुवात केली. खुब्याच्या रुग्णांचे ४८ पैकी गुण सरासरीने सुमारे २२ नी वाढले, गुडघ्याचे सुमारे १७ नी. रुग्णालयारुग्णालयांतली तुलना जाहीर होऊ लागली. हर्नियाच्या बाबतीत चित्र वेगळे निघाले; ईक्यू-५डी नुसार जेमतेम निम्म्या रुग्णांना फायदा दिसला. शस्त्रक्रिया निरुपयोगी होती म्हणावे, तर हर्नियासाठी आजारनिहाय मापक योजलेच नव्हते आणि ज्याला आधीच फारसा त्रास नाही त्याची सुधारणा पाच ढोबळ प्रश्नांत दिसणार कुठून? हर्निया आणि शिरांची सक्तीची नोंद २०१७ मध्ये थांबली, सांध्यांची चालू राहिली. मोजणीचे साधन प्रश्नाला साजेसे नसेल तर लाखो उत्तरे गोळा करूनही हाती फार लागत नाही, हे इंग्लंडने पैसे मोजून शिकून घेतले.

दवाखान्यातल्या वापराचा सर्वांत ठळक पुरावा कर्करोगातून आला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची देखभाल मिळाली. दुसऱ्या गटातले रुग्ण मळमळ, वेदना, धाप अशी बारा लक्षणे टॅबलेटवर किंवा घरच्या संगणकावर नियमित नोंदवत. त्रास वाढला की परिचारिकेला ईमेल जाई, आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त इशाऱ्यांवर परिचारिकांनी प्रत्यक्ष काही केले: फोन केला, औषध बदलले, बोलावून घेतले. नोंदवणाऱ्या गटात तातडीच्या विभागात धाव घेणाऱ्यांचे प्रमाण ३४ टक्के राहिले, दुसऱ्यात ४१. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नोंदवणाऱ्यांचे मध्यगत आयुष्य ३१.२ महिने भरले, इतरांचे २६. पाच महिन्यांचा हा फरक अनेक महागड्या औषधांनाही साधत नाही, म्हणून त्याची खूप वाखाणणी झाली. पण नंतर अमेरिकेतील ५२ कर्करोग दवाखान्यांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा जीवनमान सुधारले, त्रास आटोक्यात राहिला, तातडीची धाव लांबली. आयुष्य मात्र वाढले नाही. प्रॉममुळे आयुष्य वाढते हे वाक्य त्यामुळे जपून वापरावे. त्रास कमी होतो, एवढे ठामपणे म्हणता येते आणि तेवढेही थोडके नाही.

गुणांचा अर्थ लावताना तीन खड्डे वाटेत येतात. पहिला, किती गुणांचा फरक रुग्णाला खरोखर जाणवतो हा. हजारो रुग्ण असले की एका गुणाचा फरकही संख्याशास्त्रीय कसोटीला उतरतो, पण रुग्णाला तो कळतही नाही. जाणवण्याजोगा किमान फरक ही कल्पना १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मांडली. क्यूएलक्यू-सी३० च्या शंभराच्या पट्टीवर साधारण दहा गुणांचा बदल लक्षणीय मानतात. दुसरा खड्डा, माणूस आजाराशी जुळवून घेतो आणि मनातली मोजपट्टीच बदलते. दोन वर्षे डायलिसिसवर असलेला रुग्ण 'बरं चाललंय' म्हणतो तेव्हा त्याचे 'बरं' पूर्वीचे नसते. तिसरा खड्डा सर्वांत धोक्याचा. जे सर्वाधिक आजारी असतात तेच प्रश्नावली भरत नाहीत. कोरे कागद बाजूला ठेवून काढलेली सरासरी नेहमीच खऱ्यापेक्षा गोजिरी दिसते.

यात पैशाचा प्रश्नही आला आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत खुबा-गुडघा बदलणाऱ्या रुग्णालयांना प्रॉमची माहिती देणे बंधनकारक झाले आहे. देयके गुणांशी बांधली की शस्त्रक्रियेआधीचे गुण कमी दिसावेत असा मोह होणार, हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. भारतात गुणांचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये उपचारतंत्रांचे मूल्यमापन करणारी यंत्रणा उभारली. कोणता उपचार खर्चाच्या मानाने किती निरोगी आयुष्य देतो हे ठरवायला ईक्यू-५डीची भारतीय मूल्ये, म्हणजे कोणती आरोग्यस्थिती इथल्या लोकांना किती बरी किंवा वाईट वाटते याचे आकडे, लागत होती. पाच राज्यांतील साडेतीन हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन ती काढली गेली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंत भारतीय अभ्यास इतर देशांच्या आवडीनिवडीवर चालत होते.

रोजच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र अडचणी वेगळ्या आहेत. रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आलेला मुलगा किंवा सून देते. डॉक्टरांसमोर वेदना कमी सांगणे हा अनेकांना आदराचा भाग वाटतो. अक्षरओळख नसलेल्याला कुणीतरी वाचून दाखवावे लागते आणि वाचणाऱ्याच्या सुरानुसार उत्तर झुकते. यावर उपाय आहेत: चेहऱ्यांच्या चित्रांची वेदनापट्टी, फोनवर मराठीत ऐकून बटण दाबण्याची सोय, नातेवाइकांना बाहेर बसवून प्रशिक्षित सेविकेने शब्दही न बदलता वाचणे. आशा सेविकांच्या तपासणी यादीत नैराश्याचे दोन प्रश्न आता आले आहेत. ते कागदावर टिकमार्क होऊन राहतात की विचारले जातात, यावर त्यांची किंमत ठरेल. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर त्याच दिवशी कुणी पाहणार नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकारही पोहोचत नाही.

प्रॉम सुरू करू पाहणाऱ्या रुग्णालयाने म्हणून आधी प्रश्नावली निवडू नये. एक आजार घ्यावा, उत्तर कोण पाहणार, किती दिवसांत पाहणार आणि कोणत्या गुणाला काय करणार हे लेखी ठरवावे, मग त्या कामाला पुरेल असे, मराठीत तपासलेले सर्वांत छोटे मापक घ्यावे. एवढी तयारी नसेल तर रुग्णाकडून कागद भरून घेऊ नये.